आर्लीनने घासलेला टोप

मित्रांनो, माझं झाकण उचलून आत डोकावलात तर नाक मुरडाल. मी एक जुना ॲल्युमिनियमचा टोप आहे, आतून काळपट आणि बाहेरून पोचे पडलेला. पण अमेरिकेतल्या आमच्या मिलवॉकी शहरात माझ्याइतका मान दुसऱ्या कुठल्या भांड्याला असेल तर दाखवा!

सरोवराकाठच्या एका कारखान्यात मी घडलो. सुरुवातीला चर्चच्या स्वयंपाकघरात सूप उकळलं. मग जुन्या सामानाच्या विक्रीत बर्नार्ड वोयतकने मला उचललं आणि माझं नशीब फळफळलं. त्याने मला बिअरच्या कामाला लावलं. इथल्या थंडीत अंगणात पाणी गोठतं, म्हणून सगळा खटाटोप घरातच. इतर लोक धान्य भिजवायला एक भांडं आणि उकळायला दुसरं ठेवतात. बर्नार्डकडे दोन्हीला मीच! मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव कापडी पिशवीतून माझ्यातल्या गरम पाण्यात सोडायचे, शेगडी बंद करायची आणि मला गोधडीत गुंडाळून तासभर ठेवायचं. ऊब टिकली तरच धान्याचा गोडवा पाण्यात उतरतो. मग पिशवी काढून त्याच पाण्यात हॉप्सची कडू फुलं उकळायची आणि ते गार करून, यीस्ट घालून आंबवायला ठेवायचं.

बर्नार्डच्या मुलीचं, जोसीचं लग्न ठरलं. "बाबांचीच बिअर हवी," असा तिने हट्ट धरला. व्याही गॉर्डनचा जन्म बिअरच्या कारखान्यात गेलेला. तो हसून म्हणाला, "घरच्या शेगडीवरची? अहो, पाहुणे धडधाकट घरी जायला हवेत! शनिवारी बघायलाच येतो." बर्नार्डला ते फार लागलं.

शनिवारी तो जव आणायला गेला आणि इकडे त्याच्या बायकोने, आर्लीनने, तारेची घासणी घेऊन मला लख्ख केलं.

"अगं, हे काय केलंस!" बर्नार्डने आल्या आल्या डोक्याला हात लावला.

"काळाकुट्ट झाला होता. व्याह्यांसमोर माझी शोभा झाली असती!"

"तो काळेपणा म्हणजे त्याची कातडी गं! ती गेली की बिअरला पत्र्याची चव येते. आता आणतो विकतची आणि ऐकतो गॉर्डनचे टोमणे."

आर्लीनचा चेहरा पडला. मला तिची कीवच आली.

"पुन्हा धरत नाही का ती कातडी?"

"नुसतं पाणी खूप वेळ उकळलं तर धरेल थोडी."

तिने लगेच मला काठोकाठ भरून शेगडीवर चढवलं. गॉर्डन आला तेव्हा स्वयंपाकघरात वाफच वाफ.

"लग्नात गरम पाणी पाजणार वाटतं?"

"तुम्ही बसा हो, कॉफी घ्या," आर्लीन म्हणाली.

हळूहळू माझ्या पोटाला पुन्हा काळपट झाक आली. मग पाणी बदललं, जव आत गेले, गोधडी गुंडाळली. गॉर्डनचा हात झाकणाकडे गेला तशी आर्लीनने लाकडी डाव उगारला. "हात मागे! ऊब गेली की गोडवा गेला!"

काही आठवड्यांनी बिअर तयार झाली आणि लग्नात गॉर्डनने तिचे ग्लासावर ग्लास रिचवले. "खरं सांग बर्नार्ड, कुठलं चकचकीत यंत्र आणलंस?"

घर लग्नाच्या हॉलसमोरच्याच गल्लीत. आर्लीन लग्नाच्या कपड्यांत धावत घरी गेली, मला दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि थेट केकशेजारी ठेवून झाकण काढलं.

"हे घ्या आमचं यंत्र! बघा सगळ्यांनी, आतून कसा छान काळा आहे!"

त्या क्षणी माझी छाती पोचे निघतील इतकी फुगली.

मित्रांनो, घासणी उचलण्याआधी भांडं वापरणाऱ्याला एकदा विचारा. मला चकाकायची हौस नाही. मला नुसतं कामात राहू द्या.