विहिरीच्या पाळीनं चाललेला पंप

मित्रांनो, मी निपाणीजवळच्या हमरस्त्यावरचा एक जुना पेट्रोल पंप आहे. आज माझ्या नळीला सील आहे.

मला इथं उभं केलं, तेव्हा आण्णाप्पांनी नारळ फोडला होता. जमीन त्यांची. ती त्यांनी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तेल कंपनीला दिली, आणि कंपनीनं पंप चालवायला त्यांनाच दिला. ते वारल्यावर चालवायचा करार त्यांच्या थोरल्या मुलाच्या, कुंथुनाथांच्या, नावावर झाला. धाकटा वृषभ कोरडा राहिला.

आमच्याकडं भावांची विहीर एक असली, तर पाणी पाळीनं घेतात. त्यांच्या आईनं, मंगलबाईंनी, तोच न्याय मला लावला. एक साल थोरल्याचं, एक साल धाकट्याचं. वृषभ माझी काच रोज पुसायचा. म्हणायचा, "लई चकचकीत झाली बघा. ट्रकवाले हितंच भांग पाडत्यात."

या पाळीचं गावभर कौतुक होतं. म्हणूनच कंपनीचे साहेब तपासणीला आले, तेव्हा कुंथुनाथांनी छाती फुगवून सांगितलं, "यंदा वृषभची पाळी हाय, साहेब. भांडण न्हाय, तंटा न्हाय!"

साहेब लिहायचे थांबले. "करार तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पंप दुसऱ्याला चालवायला देता येत नाही."

"भाऊ दुसरा कसा व्हईल, साहेब?"

मला ओरडावंसं वाटलं, कुंथुनाथा, गप्प बस! पण यंत्राला तोंड कुठलं?

नोटीस आली. भावांनी उत्तर दिलं, साहेबांच्या पाया पडले. "मी बाजूला हुतो, पण दादाचा पंप काढू नगा," वृषभ रडला. करार रद्दच झाला.

सील लावताना मंगलबाई माझ्यापुढं बसल्या. "मग आमची जमीन तरी मोकळी करा."

साहेब म्हणाले, "आजी, भाडेपट्टा वेगळा, चालवायचा करार वेगळा. मुदत संपेपर्यंत जागा कंपनीकडंच राहणार. इथं दुसरा माणूस येईल."

"म्हंजे माझ्याच रानात परका?"



"दादा, माझ्यापायी गेलं रं," वृषभ म्हणाला. कुंथुनाथांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, सही करण्याआधी करार समजेपर्यंत विचारा. लाजू नका. भावाबरोबर वाटून खा, जरूर खा. पण त्याचंही नाव कागदावर घाला.

उद्या परके हात माझी नळी उचलतील. मी तेल ओतेन. मला नाही म्हणता येत नाही.