पहिलं तेल

"सतरा नंबरचा पाना कुठे गेला?" फिटरांनी अंगणातून विचारलं.

"तुमच्या उशीखाली बघा," आतून बायको म्हणाली. "माणसं चष्मा विसरतात, घड्याळ विसरतात. आमच्याकडे पाना कुशीत घेऊन झोपतात आणि सकाळी घर शोधतात."

पाना खरंच उशीखाली होता. फिटर तो घेऊन बाहेर आले. अंगणात त्यांनी सगळी मांडामांड करून ठेवली होती. जुनं पसरट घमेलं, काचेची रिकामी बरणी, धुवून वाळवलेली फडकी, नव्या तेलाचा डबा, आणि एका वाटीत एकच तांब्याचा वॉशर. वॉशर हरवू नये म्हणून वाटीवर बशी झाकली होती.

मुलगी मोटरसायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत गेली होती. इंजिन जरा गरम झालं की तेल पातळ होतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं, म्हणून त्यांनीच तिला पाठवलं होतं. ती परत आली, फाटकातून सफाईनं गाडी आत वळवली आणि मधल्या स्टँडवर चढवली. नर्सच्या नोकरीत गेली बारा वर्षं ती गावोगावच्या दवाखान्यांत लशीची पेटी घेऊन जात होती. आधी बसनं, मग कुणाच्या तरी मागे बसून. ही गाडी तिनं पाच आठवड्यांपूर्वी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिक तिनं पहिल्याच दिवशी फाडून टाकलं, तेव्हा फिटरांना बरं वाटलं होतं.

"किती झाले?"

"सातशे बारा."

पहिलं तेल साडेसातशे किलोमीटरच्या आत बदलावं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. कंपनीच्या वर्कशॉपनं पुढच्या गुरुवारची तारीख दिली होती. पण उद्या पहाटे तिला नदीपलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं, जाऊन-येऊन चौसष्ट किलोमीटर. तिथे एकोणीस लहान मुलांच्या आया येऊन बसणार होत्या. फिटर म्हणाले होते, "मी बदलतो." ती म्हणाली होती, "बदला." इतकंच. दुसऱ्या कुणाला हा व्यवहार कळला असता तर इतका सोपा राहिला नसता.

कारण दोन वर्षांपूर्वी फिटरांनी मुलाच्या स्कूटरचं तेल बदललं होतं.

चौतीस वर्षं ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. तिथले बोल्ट मनगटाएवढे, पाने हातभर लांब. बोल्ट आवळायचा म्हणजे पान्यावर अंगाचा भार टाकायचा आणि बिडाच्या लोखंडानं तो निमूट सोसायचा. स्कूटरचं इंजिन ॲल्युमिनियमचं निघालं. फिटरांनी सवयीनं शेवटचा एक हिसका दिला, खालून 'कट्' असा बारीक आवाज आला, आणि बोल्ट नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते. नवं तेल रात्रभर थेंबथेंब गळून अंगणातल्या फरशीत मुरलं. तो डाग अजून तिथेच होता. मोटरसायकल मुद्दाम त्याच्यापासून दोन हात लांब लावलेली होती.

त्यानंतर घरात कुणी त्यांना काही बोललं नाही. फक्त नळ बिघडला की बाहेरून माणूस यायला लागला.

चूक नुसत्या सवयीची असती तर त्यांनी ती मोडली असती. पण इतकी वर्षं थरथरणारी मशिनं हाताळून त्यांच्या बोटांची टोकं बधीर झाली होती. उकळत्या चहाचा पेला ते तसाच उचलत. तो भाजतोय हे त्यांना बायकोच्या चेहऱ्यावरून कळे.

त्यांनी उकिडवं बसून पाना बोल्टवर चढवला. सोडवणं सोपं होतं. बोल्ट सैल झाला, तेलाची धार घमेल्यात पडली. मधेच त्यांनी बरणी धारेखाली धरली, निम्मी भरून घेतली आणि उन्हात उचलून मुलीला दाखवली.

"बघ. काय दिसतं?"

काळपट तेलात चंदेरी भुकटी सावकाश फिरत होती.

"हे इंजिनातलं लोखंड आहे? झिजलंय?" तिनं विचारलं.

"झिजलं नाही, बसलं. नवे भाग एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात. त्याची ही भुकटी. भुकटी असेल तर निवांत राहायचं. चिमटीत येईल असा कण दिसला तर मात्र गाडी तिथेच थांबवायची."

"आमच्याकडे रक्ताचं असंच बघतात," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बरणी हाताळून हात तेलकट झाले होते, म्हणून तिनं करंगळीनं स्पीकर लावून फोन पायरीवर ठेवला. तिच्या थोरल्या भावाचा आवाज आला.

"आई म्हणाली, आज गाडीचं चाललंय. हे बघ, बाबांना तेवढं हात लावू देऊ नकोस. माझ्या स्कूटरचं काय झालं आठवतंय ना? चार दिवस खालचं आख्खं—"

"दादा, बाबा इथेच बसलेत."



"मग स्पीकर कशाला लावतेस, शहाणे? बाबा, मी काय म्हणत होतो..."

"ऐकलं मी," फिटर म्हणाले. "बरोबर म्हणत होतास. ठेव आता."

धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग थेंबही थांबले. फिटरांनी बोल्ट पुसला, वाटीतला नवा वॉशर त्यावर चढवला आणि हातानं बोल्ट भोकाशी नेला. पहिला आटा सरळ बसला की तिरका, हे बोटांना कळायला हवं होतं. कळत नव्हतं. त्यांनी बोल्ट मागे घेतला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. फडक्यानं उगाचच परत पुसला.

बायको पायरीवर चहा घेऊन आली होती. ती पाहत होती, पण चहा प्या म्हणाली नाही.

"करा बाबा," मुलगी म्हणाली. "मला घाई नाही."

नको म्हणाली असती तर त्यांनी हट्टानं बोल्ट आवळला असता. ती करा म्हणाली, तेव्हा ते थांबले.

"आई सांगत होती," मुलगी हळूच म्हणाली, "तुम्ही आठ दिवस न्हाणीमागे सराव करत होतात म्हणून."

फिटरांनी बायकोकडे पाहिलं.

"मी काय बहिरी आहे?" ती म्हणाली. "दुपारी कट् वाजलं की मी समजायची, गेलं आणखी एक."

भंगारातून त्यांनी ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली होती. तिला आटे पाडलेली अकरा भोकं होती.

"अकरापैकी चार गेली," ते म्हणाले.

"म्हणजे सात जमली की."

"गाडीला एकच भोक आहे," फिटर म्हणाले. "आणि उद्या एकोणीस पोरं."

त्यांनी बोल्ट तळहातावर घेतला. पंपघरात एक शिस्त होती, आणि मुख्य फिटर झाल्यावर ती त्यांनीच लावली होती. नवं मशीन ज्याच्या पाळीत चालणार, त्याचं पहिलं तेल त्यानंच बदलायचं. फिटरनं शेजारी उभं राहून सांगायचं, हात लावायचा नाही. आपण उघडलं आणि आपणच बंद केलं, हे माहीत असलं की माणूस पुढे मशीनला घाबरत नाही आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारत नाही. कितीतरी नवख्यांचे थरथरते हात त्यांनी असे शेजारी उभं राहून पाहिले होते. हे आठ दिवसांत त्यांना आठवलं नव्हतं, असं नाही. आठवायचं नव्हतं.

"ही गाडी कोण चालवणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग इथे बस."

"बाबा, मला हे येत नाही."

"सुई नीट शिरेत गेली, हे तुला कसं कळतं?"

"हाताला कळतं."

"मग येतं तुला. घे."

त्यांनी बोल्ट तिच्या तळहातावर ठेवला. तिनं बाह्या वर सारल्या आणि त्यांच्या जागी बसली. ते उठून उभे राहिले. गुडघे वाजले.

"आधी नुसत्या बोटांनी. अडलं तर जोर लावायचा नाही, मागे यायचं."

"अडलं."

"मागे ये. आता उलटं फिरव, हळू. आटा जागेवर आला की बोल्ट किंचित आत बसल्यासारखा होईल."

"झाला." तिचा आवाज बदलला. "आता जातोय आपोआप."

"वॉशर टेकेपर्यंत जाऊ दे. टेकला? आता पाना. टोकाला धरू नकोस, जवळ धर. पाना जितका लांब धरशील तितका तो तुला फसवेल. आता पाव फेरा."

तिनं पाना फिरवला आणि वर पाहिलं. "पुरे?"

फिटरांच्या तोंडात शब्द तयार होता: अजून थोडा. चौतीस वर्षं तोच शब्द होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले.

"मला काय विचारतेस? तुझ्या हाताला काय वाटतं?"

तिनं डोळे मिटून पान्यावर हलकासा दाब दिला.

"पुरे वाटतंय."

"मग पुरे."

बायकोनं निवलेला चहा आत नेला आणि दुसरा ठेवला. मुलीनं वरच्या तोंडातून नवं तेल ओतलं, दोन मिनिटं इंजिन चालवलं, थांबली, तेल मोजायची पट्टी काढून पातळी पाहिली. ती दोन रेघांच्या मधोमध होती. फिटरांनी मान हलवली. मग त्यांनी कालचं वर्तमानपत्र आणून इंजिनाच्या खाली पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"विश्वास नाही ना?" मुलगी हसत म्हणाली.

"विश्वास आहे. कागद शिस्तीचा आहे."

दुसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा गाडी गेलेली होती. फाटकाबाहेरच्या धुळीत चाकाची एक सरळ रेघ होती. त्यांनी चष्मा लावला, दगड उचलले, कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि उलटसुलट करून पाहिला. एकही थेंब नव्हता. बातम्या सगळ्या स्वच्छ वाचता येत होत्या.

त्यांनी कागदाची नीट चौघडी केली. मग सतरा नंबरचा पाना उचलला. त्याच्या दांड्यावर कानशीनं पाडलेल्या दोन खाचा होत्या, पंपघरातली त्यांची खूण. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला. अंगठ्याला काही लागलं नाही. खाचा दिसत मात्र होत्या. दारामागे जिथे ती गाडीची किल्ली अडकवायची, त्याच्यावर एक रिकामा खिळा होता. पाना त्यांनी तिथे टांगला. दोन पावलं मागे सरले. पाहिलं. मग पाना काढला, खिळा उपटला आणि हातोडी आणून तो वीतभर खाली ठोकायला लागले.

"आता आणखी काय ठोकताय सकाळी सकाळी?" आतून आवाज आला.

"काही नाही," फिटर म्हणाले. "तिचा हात पोचत नव्हता."