मान वळवायला लागणारा वेळ

एकतीस वर्षं मी थिएटरात बॅटरी घेऊन उभी राहतेय आणि एकतीस वर्षांत मुलांचा एकही सिनेमा धड पाहिलेला नाही. हे मी अभिमानाने सांगते. रविवारी सकाळी मुलांचा खेळ असला की मी दाराशी पडद्याकडे पाठ करून उभी राहते आणि पोरांची तोंडं बघते. कुणाचा ओठ थरथरतोय, कोण खुर्चीत खाली सरकतंय, कुणी आईच्या कुशीत तोंड खुपसलंय, सगळं पडद्याच्या उजेडात दिसतं. पोर रडत दाराशी पोचायच्या आत माझा हात कडीवर असतो. बाहेर बाकावर बसवायचं, पाणी द्यायचं, हुंदके थांबले की परत आत नेऊन सोडायचं.

हल्लीच्या मुलांच्या सिनेमांबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, तरी मी देते. पूर्वी खेळामागे एखाद-दुसरं पोर बाहेर यायचं, आता पाच-सहा येतात. इतका आवाज, इतकी पळापळ, की मोठ्या माणसाचंही डोकं उठावं. तीन वर्षांच्या जिवाने करायचं काय? माझी ही टकळी ऐकत माझी लेक, ठकू, लहानाची मोठी झाली. एक दिवस म्हणाली, "आई, बास झालं तुझं. मीच करते सिनेमा."

आणि केला की! तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. खारीचं एक पिल्लू असतं, पुरात त्याची आई वाहून जाते आणि मग आजी त्याला वाढवते. चार वर्षं ठकू त्या खारीमागे लागली होती. सगळं पुरं झालं आणि निर्माते अडून बसले. म्हणाले, पूर काढून टाका, आई नुसती गावाला गेली असं दाखवा, एवढ्या लहानांना मरण दाखवायचं नसतं. ठकूचं म्हणणं, पूर काढला तर सिनेमात उरतं काय? शेवटी असं ठरलं, की आमच्याच थिएटरात बालवाडीच्या मुलांना एकाच दिवशी दोन वेळा सिनेमा दाखवायचा. मुलं पुराला घाबरून उठली तर पूर जाणार. आणि मुलं कुठे उठतात ते बघणार कोण? मी.

सकाळी साठ मुलं आली, सोबत त्यांची मोठी माणसं. दिवे गेले. मी नेहमीसारखी पाठ करून उभी राहिले. मागे बासरी वाजली, पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्याने माझ्या लेकीचं नाव वाचायला लागली, आणि मी वळले.

वळले ती वळलेच. अख्खा सिनेमा पाहिला. खारीबरोबर हसले, पुरात रडले. दिवे लागले तेव्हा भानावर आले. बाहेरच्या बाकावर सात पोरं बसलेली आणि कुणाचे तरी काका त्यांना पाणी पाजत होते.

ठकू वही घेऊन धावत आली. मागोमाग निर्माते. "सात मुलं उठली," ते म्हणाले. "मी सांगतच होतो, पूर."

"आई, कुठे उठली गं?" ठकूने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. 'पुरात एकही नाही उठलं' हे वाक्य जिभेवर तयार होतं, आणि माझ्या शब्दावर शंका घेणारं तिथे कुणी नव्हतं. पण ज्या कामाच्या जोरावर मी या पोरीपुढे ताठ मानेने वावरले, त्यातच खोटं बोलायचं?

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी मुलांकडे पाहिलंच नाही. तुझा सिनेमा बघत बसले."

निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. ठकूने वही मिटली. मला वाटलं, आता ही चिडणार, आणि चिडली असती तरी तिचं काही चुकलं नसतं. ती म्हणाली, "दुपारच्या खेळाला बघशील? पुन्हा वळलीस तर?"

"वळले तर बॅटरी काढून घे आणि घरी पाठव."

दुपारी मी पडद्याकडे पाठ केली ती खिळा ठोकल्यासारखी. पूर आला. मागे नुसता पाण्याचा घोंघावणारा आवाज, आणि माझ्यासमोर दुपारच्या साठ पोरांची तोंडं, डोळे विस्फारलेले. कुणी जागचं हललं नाही. आई वाहून गेली, तरी नाही. माझाच जीव टांगणीला लागला होता. मग एकेक मान वळायला लागली. कुणी आईकडे वळलं, कुणी आजोबांकडे, विचारायला तोंडं उघडली, आणि तेवढ्यात ढोलकी वाजली. पडद्यावर जाडा बेडूक उड्या मारत आला. मोठी माणसं खो खो हसली. "तो बघ, बेडूक बघ!" करून त्यांनी पोरांच्या माना परत पडद्याकडे फिरवल्या. प्रश्न तोंडातच राहिला. तेव्हा पहिलं पोर उठलं, मग दुसरं. एकूण पाच उठली.

खेळ संपल्यावर मी ठकूला सांगितलं, "पुराला कुणी उठलं नाही. बेडकाला उठली."

ती पायरीवर मटकन बसली. "बेडूक मीच घातला, आई. मुलं घाबरतील म्हणून."

"मुलं नाही घाबरली. तू घाबरलीस. त्यांना फक्त विचारायचं होतं आणि तू वेळच दिला नाहीस."

दुसरी कुणी असती तर वाद घातला असता. माझी लेक उठली, मला हाताला धरून रिकाम्या हॉलमध्ये घेऊन गेली, शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि मोबाईलवर घड्याळ लावलं. "मी पोर, तू आई. मी मान वळवते." तिने मान वळवली. "आई, खारीची आई कुठे गेली?"

"गेली गं. आता नाही यायची."

"मग पिल्लाला जेवायला कोण देणार?"

"आजी आहे ना."

तिने थोडा विचार केला, मान पुन्हा पडद्याकडे वळवली आणि घड्याळ थांबवलं. बावीस सेकंद.

बावीस सेकंद काहीच घडणार नाही, पिल्लू नुसतं दगडावर बसून राहील, हे ऐकून निर्माते उखडले. "बावीस सेकंदांत मुलं चॅनेल बदलतात, बाई!"

"थिएटरात चॅनेल कुठे असतं हो?" ठकू म्हणाली. "आणि पूर राहणार. नाहीतर माझं नाव काढा आणि तो बेडूक तुम्हीच ठेवा." चार वर्षांचं काम ती एका वाक्यात पणाला लावत होती आणि आवाज जरासुद्धा कापत नव्हता. माझा ऊर भरून आला, पण मी मधे पडले नाही. शेवटी निर्मात्यांनी हात टेकले. मग म्हणाले, अजून एकदा दाखवून बघू.

पुढच्या रविवारी नवी मुलं आली. मी दाराशी, माझ्या एका बाजूला ठकू, दुसऱ्या बाजूला निर्माते. पूर आला, गेला. पिल्लू दगडावर बसलं. ढोलकी नाही, बेडूक नाही, मागे नुसतं पाणी वाहतंय.

माना वळल्या आणि हॉल बोलायला लागला. साठ पोरं एकदम विचारत होती. कुठे गेली? का गेली? तिला थंडी वाजेल का? आणि जी मोठी माणसं एरवी 'चूप, पुढे बघ' म्हणतात, ती खाली वाकून उत्तरं देत होती. जवळच्या रांगेतला एक बाप मुलीच्या कानात म्हणाला, "माझी आई पण गेली ना, तसं." मुलीने त्याच्या गालाला हात लावला.

"काय हा गोंधळ!" निर्माते कुजबुजले. "मावशी, बॅटरी मारा, गप्प करा त्यांना."

एकतीस वर्षं मी तेच करत आलेय. हॉलमध्ये कुणी हूं की चूं केलं की उजेड सरळ तोंडावर. मी बॅटरी खिशात टाकली.

हळूहळू आवाज निवत गेला. एकेक मान पुन्हा पडद्याकडे वळली. पिल्लू उठलं आणि आजीच्या झाडाकडे निघालं. दाराकडे एकही पोर आलं नाही. निर्माते दाराकडे बघत होते, मग मुलांकडे बघायला लागले.

"ही माझी मुलगी," मी त्यांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. तरी सांगितलं.