थोआकाकूंच्या हातची दारू

सरकारने मक्ता दिलेल्या कंपनीशिवाय कुणी दारू गाळायची नाही, असा फ्रेंच सरकारचा हुकूम होता. तरी गावात पितरांपुढे ठेवली जायची ती थोआकाकूंच्या हातची, चिकट तांदळाचीच.

काकूंनी शेजारच्या विन्हच्या शेतात पुरलेला रांजण एका सकाळी जकातीच्या शिपायांना सापडला. त्यांनी विन्हलाच बांधलं. काकू चिखल तुडवत बांधावर आल्या.

"सोडा त्याला. रांजण माझा आहे."

"काकू, गप्प बसा," विन्ह कुजबुजला. "तुरुंगात घालतील."

"गप्प कशी बसू? तुला धड भात शिजवता येत नाही, आणि माझी दारू तुझ्या नावावर लावतायत."

काकूंना तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्या, त्याच आठवड्यात नवऱ्याचं श्राद्ध होतं. नैवेद्य झाल्यावर सुनेने पेला पुढे केला. कंपनीचीच असणार, म्हणून काकूंनी नाक मुरडत घोट घेतला आणि थबकल्या.

"कुणी गाळली?"

"मीच, आई. तुमच्या खमिराच्या गोळ्या माळ्यावर लपवल्या होत्या."

"जाळ जरा जास्त झालाय," काकू म्हणाल्या. मग बाटली अंगरख्याआड घेऊन त्या तडक विन्हच्या घरी गेल्या.

"चाखून बघ," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "माझ्या सुनेने गाळलीय."