हातवाल्या महाराजांचा हात

दुपारी भेटीची वेळ झाली की बायकांच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. नातेवाईक असतच, पण आत ज्यांचं कुणीही नाही अशी माणसंच जास्त. फाटकाशी गाडी थांबली की कुजबुज वर चढत यायची, "आले, आले," आणि सगळे भिंतीला पाठ लावून वाट मोकळी करायचे. मग हातवाले महाराज सावकाश पायऱ्या चढत. अंगात पांढरा स्वच्छ सदरा, मागे दोन शिष्य, आणि उजवा हात मनगटापर्यंत रेशमी रुमालात गुंडाळलेला. तो हात म्हणे उगाच उघडा ठेवायचा नसतो, त्यातली शक्ती वाऱ्यावर जाते.

आत खाटांच्या दोन रांगा होत्या. महाराज मधून चालत. बऱ्याच खाटांपाशी ते क्षणभर थांबत, डोळे मिटत आणि "वेळ आली नाही" असं म्हणून पुढे सरकत. एखाद्या खाटेपाशी मात्र ते रुमाल सोडत. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत राही. महाराज त्या बाईच्या कपाळावर हात ठेवून म्हणत, "ऊठ बाई. तुझं दुखणं मी घेतलं. आता घर गाठ."

आणि ती बाई खरोखरच घर गाठायची. कुणी दुसऱ्या दिवशी, कुणी तिसऱ्या. आजवर एकही चुकली नव्हती. बरी झालेली बाई मग सहकुटुंब महाराजांच्या घरी पाया पडायला जायची, आणि अशा ठिकाणी रिकाम्या हाताने कोण जातं?

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरबाईला या प्रकाराची चीड यायची, पण तिचं कोण ऐकणार? ती तिथे संशोधन करत होती. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाला जखम होते त्यांच्यातलं कोण लवकर बरं होतं, कोणाचा पाय गमवावा लागतो, आणि हा फरक नेमका कशाने पडतो, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती प्रत्येक रोग्यापाशी बसून खोदून खोदून विचारायची. जखम कधी झाली, आधी काय लावलं, दवाखान्यात यायला इतका उशीर का केला. बरोबरीचे डॉक्टर तिला चिडवायचे, "तुझं संशोधन संपायच्या आत महाराज वॉर्ड रिकामा करतील."

ती हसून सोडून द्यायची. पण एका सकाळी स्ट्रेचरवरून तिची मावशीच आत आली, आणि हसू मावळलं.

आई गेल्यावर याच मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं. मावशीच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि तिने ती मोज्यात लपवून ठेवली होती. मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि स्पष्ट सांगितलं, ही दोन बोटं लगेच काढावी लागतील.

"काही काढायचं नाही," मावशी म्हणाली. "आधी महाराजांचा हात लागू दे."

"मावशी, बोटं गेली तर पाय वाचेल. थांबलीस तर पाय जाईल."

"लागेल गं हात. मी कुणाचं काय वाईट केलंय?"

उशाशी बसलेल्या काकांनीही मावशीचीच री ओढली. "छबडे, ते ज्यांना हात लावतात ती प्रत्येक बाई घरी जाते. एकही चुकलेली नाही. तुमच्या डॉक्टरांचं असं आहे का?"

छबडीला, म्हणजे आपल्या डॉक्टरबाईला, हे लागलं, कारण ते खरं होतं. डॉक्टरांचं असं नव्हतंच. चांगल्यातलं चांगलं औषधही काहींना लागू पडत नाही, निष्णात सर्जनच्या हातूनही काही रोगी दगावतात. तिचं सगळं संशोधनच त्या 'काहीं'वर उभं होतं. बाहेर व्हरांड्यात उभी राहून ती त्याच वाक्याचा विचार करत राहिली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जो कधीच चुकत नाही तो एकतर देव असतो, नाहीतर निवडून घेणारा.

त्या दुपारी ती प्रथमच महाराजांच्या मागे मागे वॉर्डभर फिरली. लोक महाराजांच्या हाताकडे बघत होते, ती त्यांच्या डोळ्यांकडे. आणि गंमत अशी की महाराज कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हते. खाट जवळ आली की त्यांची नजर आधी खाली जायची. खाटेखाली चपला काढलेल्या आहेत की नाहीत? चपला असल्या तर बाई चालती झाली. मग नजर वर, सलाइनच्या स्टँडकडे. मग शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे. ताट रिकामं असलं तर जेवण जातंय. चपला आहेत, स्टँड नाही, ताट चाटूनपुसून साफ, की रुमाल सुटलाच म्हणून समजा. अशी बाई एकदोन दिवसांत घरी जाणार हे वॉर्डातली सफाईवालीही सांगू शकली असती, फक्त तिच्यापाशी रेशमी रुमाल नव्हता.

मावशीच्या खाटेखाली चपला नव्हत्या. स्टँडवर बाटली लटकत होती, ताट झाकलेलं तसंच होतं.

"वेळ आली नाही," महाराज म्हणाले आणि पुढे गेले.

मावशी भिंतीकडे तोंड करून रडली. छबडीने तिला रडू दिलं. मग तिचे डोळे पुसून, काही न लपवता, जे बघितलं ते सगळं सांगितलं.

"काहीतरीच," मावशी म्हणाली. "एवढा मोठा माणूस चपला बघतो?"

"मावशी, तू साधं मडकं घेताना दहादा वाजवून बघतेस. दुकानदार कंटाळतो, पण तू सोडत नाहीस. मग हा महाराज न वाजवता कसा घेतलास?"

मावशी उशीला टेकून उठून बसली. वाजवून बघण्याच्या बाबतीत तिला कुणी कमी लेखलेलं चालायचं नाही.

"समज, उद्या तुझ्या खाटेखाली चपला ठेवल्या आणि स्टँड हलवला," छबडी म्हणाली. "त्यांना खरंच दिव्यदृष्टी असेल तर तुझं दुखणं चपलांनी झाकलं जाणार नाही. ते 'वेळ आली नाही' असंच म्हणाले, तर मी हार मानली. पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

"आणि हात ठेवला तर?"

"तर तू ठरव. पण ऑपरेशनची तयारी आजच करून ठेवू. त्यात वेळ घालवायचा नाही."

काकांनी तोंड उघडलं, पण मावशी त्यांच्या आधी म्हणाली, "ठेव चपला."

मोठ्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "औषधाच्या एकाही डोसाला धक्का लागणार नसेल तर माझी हरकत नाही. उलट त्या वेळी मीही तिथे येईन म्हणतो." सिस्टर तर या महाराजाला इतकी कंटाळली होती की तिने आनंदाने मदत केली. आता बरी असून आजारी दिसेल अशी एक जोडीदार हवी होती, आणि ती समोरच्या खाटेवर होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या शिंपीणबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज मिळणार होता. मुलगी मात्र संध्याकाळी न्यायला येणार होती, आणि त्या आत्तापासूनच कंटाळून पाय हलवत बसल्या होत्या. बेत ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"कण्हायचंसुद्धा का?" त्यांनी विचारलं.

"थोडंसंच," छबडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेआधी मावशीची बाटली संपल्यावर सिस्टरने तिचा स्टँड उचलून शिंपीणबाईंच्या उशाशी नेला आणि त्यावर रिकामी बाटली टांगली. नळी पांघरुणाखाली नुसतीच खोचली. त्यांच्या चपला पिशवीत गेल्या, टेबलावर झाकलेलं ताट आलं. मावशीचे केस विंचरले, सुई टोचलेल्या हातावर शाल ओढली, पायांवर पांघरूण घातलं. खाटेखाली काकांच्या हाताने चपला ठेवल्या, जरा वाकड्यातिकड्या, आत्ताच कुणी पायातून काढल्यासारख्या.

जिन्यावर कुजबुज चढत आली. महाराज आत आले. मोठे डॉक्टर कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते.

शिंपीणबाईंनी कण्हायला सुरुवात केली. 'थोडंसं' या शब्दाचा त्यांचा अर्थ बराच मोठा निघाला. महाराजांची नजर खाली गेली, वर गेली, ताटावर थांबली. त्यांनी डोळे मिटले.

"फार कठीण काळ आहे या बाईचा," ते हळहळले. "वेळ आली नाही. घरच्यांना बोलावून घ्या."

मग ते वळले. खाटेखालच्या चपला त्यांना दिसल्या. रुमालाची गाठ सुटली आणि त्यांचा गोरापान, मऊ हात मावशीच्या कपाळावर टेकला.

"ऊठ बाई. तुझं दुखणं मी घेतलं. आता घर गाठ."

मावशीचं कपाळ तापाने कढत होतं. हात तिथेच टेकलेला होता, तरी त्या हाताला ते कळलं नाही. मावशी काही क्षण महाराजांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अजूनही मावशीने डोळे मिटून 'महाराज' म्हटलं असतं, तर तो पाय गेलाच होता.

"महाराज," मावशी म्हणाली, "काल तुम्ही म्हणालात माझी वेळ आली नाही."

महाराज जरा अडखळले. त्यांना काल कुठल्या खाटेवर कोण होतं ते आठवत असायचं कारणच नव्हतं. "काल नव्हती. रात्रीत मी तुझ्यासाठी तप केलं. दुखणं गेलं."

"गेलं?" मावशीने पांघरूण बाजूला केलं. "मग हे काय आहे?"

पुढे झुकलेली माणसं दोन पावलं मागे सरली. काळेपणा बोटांवरून वर सरकू लागला होता. कुणी काही बोलायच्या आत समोरच्या खाटेवर शिंपीणबाई उठून बसल्या, नळी बाजूला टाकली, पिशवीतून चपला काढून पायात घातल्या आणि ताठ चालत महाराजांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"घरच्यांना बोलावलंय मी," त्या म्हणाल्या. "मुलगी येतेय न्यायला. सकाळीच सुट्टी झाली माझी."

आधी एक म्हातारी फिस्सकन हसली आणि मग हसू वॉर्डभर पसरलं. महाराज रुमाल गुंडाळू लागले, पण गाठ काही बसेना. शिष्य केव्हाच दाराबाहेर पोचले होते. जिन्यावरच्या एकाने मागून सांगितलं की हा माणूस आधी जुन्या गाड्यांची दलाली करायचा. तेव्हाही त्याला गाडीचं तोंड न बघता टायर बघायची सवय असणार, असं दुसरा म्हणाला.

महाराज निघून गेल्यावरही लोक रेंगाळले. एका बाईने हळूच विचारलं, "पण डॉक्टरीणबाई, ज्यांना हात लावला त्या सगळ्या बऱ्या झाल्या, हे तर खरंच ना?"

"खरं आहे," छबडी म्हणाली. "पण त्या आधीच बऱ्या झाल्या होत्या. हात नंतर लागला. आणि ज्यांना हात लागला नाही त्यांच्यातल्याही कितीतरी घरी गेल्या, त्यांना तुम्ही मोजलंच नाही. गुण येतो की नाही हे बघायचं तर हात लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्हीकडे सारख्याच आजारी बायका हव्यात. आपण निवडून घेतलेले आंबे गोड निघाले म्हणून आपल्या हातात साखर आहे असं होतं का?"

"माझ्या जावेने हाताची वाट बघत ऑपरेशन पुढे ढकललं होतं," ती बाई म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. पुढे छबडीचं संशोधन पुरं झालं तेव्हा त्यातही हेच ठळक दिसलं. पाय जाण्यामागे वय होतं, साखर होती, पण त्यांच्या जोडीला उशीर होता, आणि त्या उशिराला बऱ्याचदा कुणाचातरी चमत्कार कारण होता.

मावशीने काकांकडे बघितलं. "बघत काय बसलात? त्या मोठ्या डॉक्टरांना सांगा, कापा म्हणावं."

दोन बोटं गेली, पाय वाचला. वॉर्डातून निघेपर्यंत मावशी पुन्हा पहिल्यासारखी झाली, म्हणजे सगळ्यांना सल्ले देऊ लागली. शेजारच्या खाटेवर एक नवीन बाई आली होती, घाबरलेली, ऑपरेशनला तयार नसलेली. तिच्या बहिणीने कुठल्यातरी दुसऱ्या बाबाचं नाव काढलं होतं.

"हे बघ," मावशी तिला म्हणाली, "मी तुला कुणावर विश्वास ठेव म्हणणार नाही. डॉक्टरवरही डोळे मिटून ठेवू नकोस. फक्त दोघांनाही एकच विचार. तुमच्या हातून कोण बरं झालं नाही? जो याचं सरळ उत्तर देईल त्याच्याकडे जा."

थोड्या वेळाने मोठे डॉक्टर फेरीला आले. त्या बाईने धीर करून विचारलंच, "डॉक्टर, तुमच्याकडून कोण बरं झालं नाही?"

डॉक्टर थबकले. मग त्यांनी स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले.