सवलतीचे कबूतर

‘घत्तास बखीत याने मोठा उपास व मंडळीची संगत स्वतःच्या दुबळ्या विश्वासामुळे सोडली असून, त्यास अन्य कोणाचेही वर्तन कारणीभूत नाही.’

चर्चच्या फळ्यावर पंचांच्या सहीशिक्क्यानिशी हे वाक्य लागले, तेव्हा घत्तासची थोरली बहीण दिम्याना ते वाचत बराच वेळ उभी राहिली. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवण्यात तिची हयात गेली होती आणि फर्माने कशी वाचायची हे तिला ठाऊक होते. कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर फर्मान देऊ लागले, की तोच प्रश्न आधी विचारायचा. ‘अन्य कोणाचेही’ हे शब्द कोणी मागितले होते?

राहता राहिला दुबळा विश्वास. हा दुबळा माणूस नदीपलीकडच्या चुनखडीच्या खाणीत उन्हे कलेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता दगड कापत होता आणि मग मांस-दूध वर्ज्य म्हणून भाकरी नि बाकल्याच्या उसळीवर रात्र काढत होता. पंचांपैकी कितीजणांचा उपास दुपारच्या झोपेत पार पडतो, याबद्दल फळा मौन पाळून होता. वर्षानुवर्षे चर्चकडे न फिरकलेल्या घत्तासचा हा पहिलाच मोठा उपास, पुनरुत्थानाच्या सणाआधीचा, कित्येक आठवड्यांचा. त्याला परत आणले ते पंचांचे प्रमुख, वकील अबादीर यांनी. शुक्रवारच्या वर्गात शेजारी बसवून त्यांनीच त्याला उपासाचा अर्थ शिकवला होता.

येत्या रविवारी, बाप्तिस्म्याच्या रविवारी, गावातली सगळी तान्ही मुले पाण्यात उतरायची होती. घत्तासने मात्र आपली लेक बर्बारा द्यायला नकार दिला होता. दिम्यानाच्या जिवाला घोर लागला होता तो याचा. तिने थेट भावाचे घर गाठले.

“ये ताई, समजूत घालायला आलीस ना? चहा घे. दूध घातलंय हं, तुला उपासाला नाही चालायचा.”

“बिनदुधाचा दे. आणि तिरकं बोलू नकोस. ‘अन्य कोणाचं’ वर्तन ते? काय पाहिलंस तू?”

“कबूतर. गहू भरून भाजलेलं, चांगलं खरपूस. धक्क्यावरच्या हाजींच्या खानावळीत. आणि कबुतरामागे आपले वकीलसाहेब!”

“त्यांना पोटाचं दुखणं आहे रे. डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून धर्मगुरू अबूनांनी सवलत दिली.”

“हे मला आज कळतंय होय?” घत्तास हसला, पण ते हसू काही बरे नव्हते. “हाजी मुसलमान माणूस, ताई. पण ताट ठेवलं आणि त्यांनी आपणहून खिडकीचा पडदा ओढला. आपल्या उपासाची चाड त्यांना! वकिलांनी तो पडदा परत बाजूला सारला. मी रस्त्यात उभा. मग मला हाक मारली.”

“काय म्हणाले?”

घत्तासने कडेवरच्या पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतले. “त्यांनाच विचार. मी सांगितलं तर म्हणतील, खाणीतला गडी, कानात चुना भरलाय. ते स्वतःच्या तोंडाने इथे येऊन सांगू देत. मग बर्बाराचं बघू.”

सवलतीची कोंबडी दार लोटून खायची, ही आमच्याकडची रीत शेंबडे पोरही जाणते. सवलत पोटाला मिळते, रस्त्याला नाही. दिम्याना पंचांपुढे उभी राहिली, तेव्हा धर्मगुरू अबूना बिसादा कळवळून म्हणाले, “पोरी, पाप काही घडलेलं नाही. परवानगी मीच दिली होती.”

“खायची दिलीत, अबूना. पडदा सारायचीही तुम्हीच दिलीत का?”

“पडद्याचं काय घेऊन बसलीस, बाई!” खजिनदार उसळले. “उद्या म्हणशील, वकिलांनी ढेकर दिला म्हणून गाव बुडालं!”

एकदोघे हसले. अबादीर हसले नाहीत. दिम्यानाने त्यांच्याकडे पाहिले आणि तिचा राग अडखळला. आई गेली तेव्हा भर उन्हात नदी ओलांडून खाणीपर्यंत चालत जाऊन घत्तासला घरी आणणारा हाच माणूस होता. त्याचा निखळ द्वेष करता आला असता, तर तिचे काम सोपे झाले असते.

“वकीलसाहेब,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही त्याला काय म्हणालात, ते तो मला सांगत नाही. अजूनही तुमची लाज राखतोय तो.”

अबादीर उठले. “फळ्यावरचा तो कागद काढा,” एवढेच खजिनदाराला म्हणाले आणि काठी न घेताच घत्तासच्या घराकडे चालू लागले. दिम्याना मागोमाग गेली.

रविवारी बर्बाराला तीनदा पाण्यात बुडवून काढले, तेव्हा तिचा बाप शेवटच्या खांबाशी उभा होता. प्रभुभोजन मात्र त्याने घेतले नाही. मोडायला एक वाक्य पुरले होते. सांधायला किती लागतील, हे कोणत्याही पंचाला फळ्यावर लिहिता येणार नव्हते. कागद काढायला सांगितला त्या दिवशी अबादीर घत्तासच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून जे बोलले, ते दिम्यानाने ऐकले तसेच इथे देणे न्यायाचे होईल:

“मला सवलत होती, घत्तास. पण आजारी म्हणून दाराआड खायची मला लाज वाटली. जन्मभर कडक उपासाचा म्हणून मिरवलो ना मी. दुखणाईत दिसण्यापेक्षा बेफिकीर दिसलेलं बरं, म्हणून पडदा सारला. तू बाहेर उभा होतास, तुझे ओठ सुकले होते, ते मला दिसत होते. तरी तुला हाक मारली आणि म्हणालो, ‘ये, बस, उपास कच्च्या माणसांसाठी असतो.’ तू माझं खरं मानलंस, कारण उपास तुला मीच शिकवला होता.”