साहेबांचा फेटा

“आवं, ताणून धरा की! पोचा दिसंल न्हाईतर,” साळुबाई पलीकडून ओरडली.

कुंडलिकने टोक घट्ट धरलं. ओसरीच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला ती आणि मधे गुलाबी फेट्याचं लांबलचक कापड. चुण्या घालायला दोन माणसं लागतात, आणि लग्न झाल्यापासून दुसरं टोक साळुबाईच धरत आली होती. पेठपासून वारूळवाडीपर्यंत लग्न कुणाचंही असो, कुंडलिकने बांधलेला फेटा वरातीत कितीही नाचलं तरी हलत नसे. आमदारसाहेबांच्या डोक्याला तर पहिल्या निवडणुकीपासून दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आज साहेबांचा वाढदिवस होता आणि गावात सत्कार होता.

“आन् ही खडीसाखर त्यांच्या आईला द्या,” तिने पदराची गाठ सोडून पुडी दिली. “काल लेण्याद्री चढले ती त्यांच्यासाठीच. म्हातारीच्या दुखण्यापायी साहेबाला कायद्याच्या इरोधात मत देता आलं न्हाई, त्यांचा काय दोष?”

कुंडलिकने पुडी घेतली. तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट त्याला महिनाभर छळत होती.

साळुबाई गावच्या दवाखान्यात आया होती. गावातली निम्मी पोरं आधी तिच्या हातात आली आणि मग आईच्या. छोट्या दवाखान्यांमधल्या बाळंतपणाच्या खोल्या बंद करायचा कायदा येणार म्हटल्यावर साहेबांनी भरसभेत तिचा हात धरून सांगितलं होतं, “मावशी, मी असेपर्यंत तुमच्या खोलीला कुलूप लागणार नाही.” कायदा झाला, कुलूप लागलं. साहेब म्हणाले, “त्या दिवशी मी सभागृहात नव्हतोच. आई दवाखान्यात होती. असतो तर विरोधातच उभा राहिलो असतो.” गावाने मान डोलावली. साळुबाई तर अजून रोज सकाळी त्या बंद खोलीचा व्हरांडा झाडून यायची. साहेब खोली उघडतील तेव्हा घाण नको म्हणायची.

पण कायद्यावर मतदान झालं त्याच दिवशी कुंडलिक नारायणगावात उत्तमचंदशेठकडे कापड घ्यायला गेला होता. दुकानातल्या टीव्हीवर विधानसभा चालू होती. विरोधकांनी मतं मोजायला लावली आणि कायद्याच्या बाजूचे आमदार मोजणीसाठी उभे राहिले. पडद्यावर नुसत्या पाठी.

“पाठमोरी सगळी सारखीच दिसतात बघा,” शेठ हसले.

कुंडलिकला मात्र दुसऱ्या रांगेतलं डोकं लगेच कळलं. मागे केसांचे दोन भोवरे, त्यातला एक डाव्या कानाच्या वर. तिथे कापड हमखास सरकतं, म्हणून फेट्याचा पहिला पेच तो तिथेच अंगठ्याने दाबून धरत असे. स्वतःचा तळहात ओळखावा तसं ते डोकं त्याने ओळखलं, आणि घरी येऊन गप्प बसला. साळूला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आज सरपंचांच्या घरी साहेब खुर्चीत बसले होते. बाहेर ढोल वाजत होता. कुंडलिकने आधी पुडी पुढे केली.

“आईसाहेबांना द्या. आमच्या साळूनं लेण्याद्रीवरनं आणलीय.”

“आईला कशाला?” साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले. “तिला काय धाड भरलीय? काल शेतावर फिरून आली.”

“त्या दिवशी दवाखान्यात व्हत्या ना? मतदानाच्या टायमाला?”

साहेबांचा अंगठा मोबाईलवर थबकला. “हां, ते... ते होय.”

कुंडलिक त्यांच्या मागे उभा होता. दोन्ही भोवरे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

“साहेब, दुसऱ्या रांगेत तुमी उभं व्हता. टीव्हीवर बगितलं म्या.”

साहेबांनी मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला.

“पक्षाचा आदेश असतो, कुंडलिक,” साहेब हळूच म्हणाले. “तुला नाही कळायचं. चल, बांध लवकर, लोक थांबलेत.”

त्याने कापड उचललं. पहिला पेच द्यायला अंगठा डाव्या कानाच्या वर गेलाही, पण तिथेच अडला. इतक्या वर्षांचा हात, पण त्याला ते जमेना. त्याला वाईट वाटलं, साहेबांचं आणि स्वतःचंही.

“आज न्हाई व्हायचं माझ्याच्यानं,” तो म्हणाला. पुडी खिशात टाकून, कापड खांद्यावर घेऊन तो निघाला.

स्टेजवर साहेबांना कुणीतरी घाईने आयता शिवलेला फेटा घातला. तो भाषणभर कानावर उतरत होता, आणि साहेब एका हाताने माईक आणि दुसऱ्याने फेटा सांभाळत होते.

घरी साळुबाई वाटच बघत होती. त्याच्या खांद्यावरचं कापड बघून ती चपापली. कुंडलिकने पुडी तिच्या हातात ठेवली आणि महिनाभराचं सगळं एका दमात सांगून टाकलं. ती खाली बसली. कमरेला दवाखान्याच्या कपाटाची किल्ली होती, ती बोटाने चाचपत राहिली.

“म्हातारी बरी हाय ना पण?” तिने शेवटी विचारलं.

“ठणठणीत हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या.” तिने पुडी उघडली, एक खडा त्याला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला.

मग उठून तिने फेट्याचं टोक हातात घेतलं आणि ओसरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. “चुरगळलंय सगळं. धरा.”

एकेक घडी घालत दोघं जवळ येत गेली. टोकाला टोक जुळलं. कुंडलिकने घडी तिच्याकडून घेतली नाही. कापडासकट तिचे हात तसेच धरून तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुबाई व्हरांडा झाडायला गेली नाही.